दिवाळी २०२५: पाच माणसांचा फराळ आणि चार दिवसांची जेवणं, ४,००० रुपयांत

शनिवार, ४ ऑक्टोबर: यादी कापली

पहिली यादी नेहमीसारखी होती. दहा जिन्नस, बहुतेक सगळे किलो-सव्वा किलोचे, बेरीज बारा किलोच्या आसपास. मग खाणारी तोंडं मोजली. घरात पाच, बाहेर द्यायची आठ ताटं आणि भाऊबीजेला येणारे सात. ताटात दोन लाडू, दोन करंज्या, चार चकल्या, दोन अनारसे, मूठभर चिवडा आणि मूठभर शंकरपाळे असं ठेवून वजन केलं तर ४०० ग्रॅम भरलं. आठ ताटांचे ३.२ किलो, घरात सहा दिवस पुरेल असा साडेतीन किलो आणि पाहुण्यांसाठी सव्वा किलो. म्हणजे आठ किलो पुष्कळ झालं. उरलेले चार किलो दरवर्षी देवदिवाळीपर्यंत डब्याच्या तळाशी खवट होतात.

चिरोटे आणि कडबोळी काढून टाकली. चिरोट्यांना साट्याचं (पदरांमध्ये लावायच्या लेपाचं) तूप वेगळं लागतं, वर तळताना पदरांमध्ये तूप-तेल शिरतं ते निराळं. कडबोळ्यांचं पीठ भाजणीचंच, चवही चकलीच्या जवळची, मग दोन्ही कशाला? बजेट: फराळ २,२०० रुपये (गॅस धरून), २० ते २३ तारखेची जेवणं १,८०० रुपये. मुंबई उपनगरातले किरकोळ भाव धरलेत.

संध्याकाळी अनारशांचा तांदूळ भिजवला, ५०० ग्रॅम, जाडा आणि जुना. नवा तांदूळ घेतला तर पीठ चिकट होतं. दिवाळीच्या किमान दोन आठवडे आधी सुरू करावा लागतो असा हा एकच जिन्नस. इथे दिवस चुकला तर अनारसे रद्द.

रविवार, ५ ऑक्टोबर: खरेदी

भाव लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी ताडून बघायला उपयोगी पडतील. जाडा तांदूळ १ किलो ४८, हरभरा डाळ पाव किलो २४, उडीद डाळ १२५ ग्रॅम १६, लाडवाचं जाडसर बेसन अर्धा किलो ६०, शेवेचं बारीक बेसन अर्धा किलो ५५, बारीक रवा १ किलो ५०, मैदा १ किलो ४६, साखर २ किलो ९०, गूळ अर्धा किलो ३५, पातळ पोहे अर्धा किलो ४०, शेंगदाणे पाव किलो ३५, पंढरपुरी डाळं २०० ग्रॅम २६, सुकं खोबरं पाव किलो ९०, शेंगदाणा तेल २ लिटर ३५०, साजूक तूप १ लिटर ६१०. वेलची, खसखस, काजू तुकडा, बेदाणे, तीळ मिळून २१०. एकूण १,७८५.

तीन गोष्टींवर थोडा वेळ घालवला.

तूप: पाकिटावर छापील किंमत ६५० होती आणि बिलही तेवढंच आलं. २२ सप्टेंबरपासून तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. हिशोब सोपा आहे: ६५० भागिले १.१२ गुणिले १.०५, म्हणजे ६०९. सांगितल्यावर ६१० लावले. जुन्या छपाईची पाकिटं तेव्हा अजून रॅकवर होती, बिल बघून घ्या. बदाम-पिस्त्यांसारख्या सुकामेव्यालाही तोच फरक लागू आहे.

खोबरं: ३६० रुपये किलो! करंजीच्या सारणात खोबरं निम्मं करून बाकीची भर भाजलेल्या रव्याने आणि तिळाने घालायची, हे दुकानात उभ्या उभ्याच ठरलं.

तेल: यादीत तीन लिटर होतं, दोनच घेतलं. कमी पडलं तर कोपऱ्यावर मिळतं. जास्तीचं आणलं की मात्र कढईत ओतलंच जातं.

वनस्पती तूप घेतलं नाही. ते स्वस्त पडतं आणि शंकरपाळे खुसखुशीत होतात, पण गार झाल्यावर टाळूला चिकटतं. ते कुणालाच आवडत नाही आणि मग डबा तसाच राहतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर (कोजागिरी)

तांदळाचं पाणी बदललं. रोज बदलायचंच. या उकाड्यात एक दिवस राहिलं की वास येतो, आणि तो वास तळूनही जात नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर: अनारशांचं पीठ

तांदूळ उपसून चाळणीत तासभर निथळवला, मग सुती पंचावर घरातच पसरला. कधी थांबायचं ते हाताने कळतं. मुठीत दाबला तर गोळा होऊ नये, पण तळहाताला ओल जाणवावी. पाऊण तास लागला. मिक्सरवर थोडा थोडा वाटून मैद्याच्या चाळणीने चाळला. ओलसर पीठ ५६० ग्रॅम निघालं.

यातलं ६० ग्रॅम बाजूला काढून पूर्ण वाळवलं आणि बरणीत भरलं. हे राखीव पीठ सोडू नका, पुढे लागलं. उरलेल्या ५०० ग्रॅममध्ये ४३० ग्रॅम किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून मळलं, गोळे केले, डब्यात दाबून भरले. फ्रिजमध्ये नाही, ओट्यावरच.

शनिवार, ११ ऑक्टोबर: भाजणी

चकलीची भाजणी: तांदूळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५०, उडीद डाळ १२५, मूग डाळ ६०, पोहे ६०, धणे २५, जिरे १५. तांदूळ आणि डाळी बुधवारी धुऊन वाळत घातल्या होत्या. मूग डाळ, पोहे, धणे, जिरे घरातले.

तांदूळ वरून कोरडा दिसत होता, आत ओल होती. कढईत घातल्यावर पाच मिनिटं नुसती वाफ निघाली आणि दाणे कढईला चिकटायला लागले. काढून पंख्याखाली दोन तास पसरला, पुन्हा भाजला. अडीच तास गेले. धान्य दोन दिवस वाळवलं तरी ढगाळ हवेत तीन धरावे. कोरडं झालंय का ते बघायला दाणा दातांखाली चावायचा, कटकन तुटला पाहिजे.

प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजला. तांदूळ फुलेपर्यंत, हरभरा डाळ बदामी होईपर्यंत, उडदाचा वास सुटेपर्यंत. उडीद कमी भाजला गेला तर चकली कडक होते आणि जास्त भाजला तर कडू, त्यामुळे त्याच्यापाशी उभं राहणं आलं.

गिरणीत नंबर लावताना एकच विचारायचं: आधी काय दळलंय? गहू असेल तर थांबायचं. जात्यात राहिलेली कणीक भाजणीत मिसळते आणि चकली चिवट होते. तांदूळ किंवा हरभरा डाळ दळून झाल्यावर आपला डबा पुढे करायचा. दळणावळ २५ रुपये. दळून परत १,०१० ग्रॅम आलं.

गॅसचा हिशोब आजपासून सुरू. माणसांच्या वजनाचा डिजिटल काटा सिलिंडरखाली ठेवलाय. फराळाचं काम सुरू करताना एक आकडा आणि संपवताना एक आकडा. काटा शंभर ग्रॅमपर्यंतच दाखवतो, पण एवढ्याला चालतो. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये १४.२ किलोचा सिलिंडर ८५२.५० रुपयांना होता, म्हणजे किलोला ६० रुपये. आज २०० ग्रॅम.

रविवार, १२ ऑक्टोबर: शंकरपाळे, मग करंज्या

तळणाचा क्रम हाच यंदाचा सगळ्यात मोठा बचतीचा भाग आहे. एकच तेल, आधी गोडाचं, मग चकली, सगळ्यात शेवटी शेव. गोडाला तेल स्वच्छ लागतं. चकलीचे तीळ आणि तिखट खाली बसतं. शेवेचं बेसन तर तेलाला फेसच आणतं, त्या तेलात नंतर काही तळायचं राहत नाही. उलट्या क्रमाने गेलं की दर जिन्नसाला नवं तेल ओतावं लागतं.

कढईत ८०० मिली तेल.

शंकरपाळे: दूध २०० मिली, साखर २०० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंतच गरम केलं, उकळलं नाही. कोमट झाल्यावर मावेल तेवढा मैदा, तो ७५० ग्रॅम लागला. घट्ट मळून अर्धा तास झाकला. पाव इंच जाड लाटून कातणाने कापले.

पहिला घाणा फसला. तेल तापलेलं होतं, दोन मिनिटांत बदामी रंग आला, काढले, आणि मधून मोडून बघितलं तर आत कच्ची कणी. दुसऱ्या घाण्यापासून तेल कोमटाच्या थोडं वर आणलं. तुकडा टाकला की आधी तळाशी बसावा आणि सावकाश वर यावा. एका घाण्याला आठ-नऊ मिनिटं लागली. कच्चा घाणा पुन्हा मंद तळला, थोडा गडद झाला, घरच्या डब्यात गेला. रंगावरून शंकरपाळे काढायचे नाहीत, बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायचे. १.२ किलो.

करंज्या: पारीला १५० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम मैदा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दुधात भिजवून दोन तास. नंतर कुटून मऊ केला. मिक्सरमध्ये फिरवला तरी चालतो, पण एका वेळी मूठभरच. सारण: १५० ग्रॅम खोबरं किसून भाजलेलं, १०० ग्रॅम रवा भाजलेला, ३० ग्रॅम तीळ, खसखस, वेलची, २०० ग्रॅम पिठीसाखर. खोबरं निम्म्याजवळ आणल्याचं चवीला जाणवलं नाही, मात्र सारण थोडं भुरभुरीत झालं. चमचाभर तूप चोळल्यावर बसलं.

पंचवीस भरल्या, चोवीस राहिल्या. एक तेलात फुटली. त्या करंजीची कड दुधाचं बोट न लावता तशीच मिटली होती. फुटलेलं सारण जळून तेल काळं होतं, म्हणून लगेच गॅस बंद करून बारीक गाळणीने कण काढले. भरलेल्या करंज्या ओल्या पंचाखाली ठेवल्या नाहीत तर कडा वाळतात आणि उकलतात.

तेल मोजून परत भरलं: ६५० मिली. म्हणजे दोन्ही मिळून १५० मिलीच प्यायले. गॅस ६०० ग्रॅम.

सोमवार, १३ ऑक्टोबर: चिवडा

काल दिवसभर पोहे गच्चीत उन्हात होते. चिवडा भाजका, तळलेला नाही. ५०० ग्रॅम पोहे मंद आचेवर दोन भागांत. पहिला भाग आकसला, आच थोडी जास्त झाली. आकसलेले पोहे पुन्हा फुलत नाहीत, उपाय नाही. चवीला ठीक, दिसायला गरीब. दुसरा भाग चाळणीत धरून थोडा थोडा भाजला, तो छान पांढरा आणि कुरकुरीत राहिला.

फोडणीला १३० मिली ताजं तेल. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं या क्रमाने तळून काढले. मग मिरच्या आणि कढीपत्ता. चिवडा चार दिवसांत मऊ पडतो त्याचं कारण पोह्यांत नसतं, इथे असतं. मिरचीचा तुकडा बोटांनी चुरला गेला पाहिजे, वाकला तर त्यात पाणी आहे. मीठ आणि साखर एकत्र मिक्सरमधून काढून घातली, नाहीतर मीठ तळाशी बसतं आणि डब्यातली शेवटची वाटी खारट लागते. १.१ किलो, गॅस २०० ग्रॅम.

मंगळवार, १४ ऑक्टोबर: चकलीची चाचणी, नापास

पूर्ण भाजणी भिजवण्याआधी १०० ग्रॅमची चाचणी घेतली. सहा चकल्या पाडल्या, चार तळल्या. काढताना कुरकुरीत होत्या, वीस मिनिटांनी वाकायला लागल्या.

दोन संशय होते: उकडीत पाणी जास्त किंवा तळणं कमी. दोन्ही एकदम बदलले तर काय चुकलं ते कळत नाही, म्हणून त्याच पिठाच्या उरलेल्या दोन चकल्या मंद आचेवर सात मिनिटं, बुडबुडे विरेपर्यंत तळल्या. त्या तासाभरानेही कडकडीत होत्या. पीठ बरोबर होतं, घाई नडली. पहिल्या चारही चकल्या चार मिनिटांत उतरवल्या होत्या.

मऊ पडलेल्या चार फेकल्या नाहीत, डब्यात वेगळ्या ठेवल्या. गॅस १०० ग्रॅम.

बुधवार, १५ ऑक्टोबर: अनारसे हसले

सगळ्यात महागडी चूक आज झाली. कढईत ३०० ग्रॅम साजूक तूप घातलं, खसखशीवर पहिला अनारसा थापून सोडला, आणि तो हसला. कडेने जाळी सुटली, मग मध्ये फुटला आणि अर्ध्या मिनिटात त्याचा चुरा कढईभर पसरला. आच कमी करून दुसरा सोडला, तोही गेला. गुळाचे कण तळाशी जळून तूप तांबूस झालं आणि त्याला करपट वास लागला. २०० रुपयांचं तूप.

पहिला अनारसा फोडणीच्या कढल्यात तीन चमचे तुपात तळून बघायला हवा होता. पुढच्या वेळी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल.

पिठात गूळ जास्त झाला की अनारसा हसतो. आठ दिवसांत गुळाला पाणी सुटलं होतं, गोळा बोटांना चिकटत होता. राखीव ६० ग्रॅम कोरडं पीठ दोन हप्त्यांत मिसळलं, दर वेळी कढल्यात एक तळून बघितला. ३० ग्रॅमनंतरही कड सुटत होती, ६० ग्रॅमनंतर नीट जाळी पडली. उलट झालं असतं, म्हणजे अनारसा कडक आणि जाळीशिवाय आला असता, तर चमचाभर कुस्करलेलं केळं घालतात.

लाडवांचं तूप राखून ११५ ग्रॅम तूप उरत होतं. त्यात १५० मिली तेल मिसळून लहान कढईत, एका वेळी दोन. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून गरम तूप सोडत राहायचं. काढून चाळणीत उभे रचले. आडवे ठेवले तर तूप आतच राहतं. अडतीस अनारसे, ८५० ग्रॅम. शुद्ध तुपातल्यांपेक्षा चव थोडी उणी, हे खरं आहे. खाताना कुणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही.

करपट तूप पंचातून गाळलं, २०० ग्रॅम मिळालं. गोडाला नाही चालणार. आमटीच्या फोडणीला लसूण घालून बघितलं तर वास झाकला जातो, महिनाभर तसंच संपवायचं. गॅस ३०० ग्रॅम.

गुरुवार, १६ ऑक्टोबर: चकली आणि शेव

भाजणी ९०० ग्रॅम. तेवढंच पाणी उकळून त्यात तिखट, मीठ, हिंग, हळद, तीळ आणि ८० मिली तेलाचं मोहन. गॅस बंद करून भाजणी घातली, ढवळली, झाकून तासभर. मग पाण्याचा हात लावून मळली. मळायला कंटाळा केला की चकली पाडताना तुटते. एका वेळी सोऱ्यात भरेल एवढाच गोळा मळून घ्यायचा, बाकी झाकलेला.

पितळी सोऱ्या मध्येच अडला. दट्ट्या खाली जाण्याऐवजी पीठ बाजूने वर चढायला लागलं. सोऱ्या आतून कोरडा होता. तेलाचं बोट फिरवलं आणि गोळ्याला लांबट आकार देऊन भरला, तेव्हा सुरळीत झालं. दर तिसऱ्या भरण्याला पुन्हा तेल.

रविवारच्या गाळलेल्या ६५० मिली तेलात २५० मिलीची भर. एका घाण्यात चार, सात मिनिटं. चकली सोडताना आच मोठी, दोन मिनिटांनी मध्यम. मोहन मोजूनच घाला. पिठाला तूपकट हात लागेल एवढं मोहन झालं की चकली तेलात विरते, आणि मग भाजणीच वाढवावी लागते. चौपन्न चकल्या, १.२५ किलो. पावणेदोन तास उभं राहणं.

लगेच शेव: बेसन ५०० ग्रॅम, मोहन ५० मिली, हळद, तिखट, मीठ. ओवा अख्खा घालायचा नाही, चकतीच्या छिद्रात अडकतो आणि मग टाचणी घेऊन बसावं लागतं. ओवा पाण्यात वाटून, गाळून ते पाणी वापरलं. शेवेचं तेल चकलीपेक्षा जास्त तापलेलं हवं, एक बाजू एक मिनिट. ६५० ग्रॅम.

कढईत उरलं ४९० मिली, म्हणजे दोन्हींनी ४१० मिली घेतलं. तेल काळपट आणि फेसाळ, तळणासाठी निवृत्त. वास चांगला होता म्हणून आठवड्याभरात भाज्यांच्या फोडणीत संपवलं. न वापरलेलं ताजं तेल अर्धा लिटर शिल्लक, पुऱ्यांना. तीन लिटर आणलं असतं तर एक लिटर उगाच पडून राहिलं असतं. गॅस ६०० ग्रॅम.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर (वसुबारस): बेसन लाडू

बेसन ५००, तूप २२०, पिठीसाखर ४०० ग्रॅम. तुपातलं ७० ग्रॅम मागे ठेवून सुरुवात केली. पहिली पंधरा मिनिटं पीठ कोरडं आणि जड, हात दुखतो आणि अजून तूप घालावंसं वाटतं. घालायचं नाही. पंचविसाव्या मिनिटाला ते आपोआप सैल पडतं, उलथन्यावरून ओघळायला लागतं. तेव्हा राहिलेलं तूप. चाळीस मिनिटांनी रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालासारखा झाला. दोन चमचे दुधाचा हबका मारला, फसफसून रवाळ झालं.

साखर पूर्ण गार झाल्यावर, रात्री. गरम पिठात साखर विरघळते आणि लाडू बसतात. अठ्ठावीस लाडू, १.१ किलो. काहीच चुकलं नाही. गॅस २०० ग्रॅम.

शनिवार, १८ ऑक्टोबर (धनत्रयोदशी): रवा लाडू, पाक पुढे गेला

रवा ५००, तूप १२०, साखर ४००, पाणी २०० मिली. रवा छान भाजला गेला. पाक एकतारी हवा होता. तार बघताना दारावरची बेल वाजली आणि दोन मिनिटांत तो दोनतारी झाला. रवा घातल्यावर अर्ध्या तासात मिश्रण फरशीसारखं, लाडू वळताना भुगा.

भुगा फोडून त्यावर पाऊण वाटी गरम दूध थोडं थोडं शिंपडलं, झाकून तासभर ठेवलं. लाडू वळले, सव्वीस झाले, चवीला बरे. पण दूध पडल्यामुळे हे टिकाऊ राहिले नाहीत. त्यांच्या डब्यावर '२१ पर्यंत' अशी चिठ्ठी लावली आणि बाहेरच्या ताटांत ते घातले नाहीत, तिथे आठही ताटांत बेसनाचेच. दुधाऐवजी पाकात दोन चमचे पाणी घालून पुन्हा उकळी आणली असती तर ही वेळ आली नसती, पण ती संधी रवा पडण्याआधीच असते. गॅस २०० ग्रॅम.

रविवार, १९ ऑक्टोबर: ताटं

आठ ताटं भरली. चिवडा-चकली एका पिशवीत, लाडू-अनारसे दुसऱ्या पुडक्यात. एकत्र भरले की लाडवाचं तूप आणि ओल चकलीत जाते. काळे वाटाणे भिजवले.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरक चतुर्दशी)

अभ्यंगस्नानानंतर फराळाची परात पुढे ओढण्याऐवजी कोकणातल्या पद्धतीने पोहे केले: दूध-गुळाचे गोडे, ताकातले आणि फोडणीचे तिखट, जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. एक किलो पोहे, एक नारळ, पाव किलो वाटाणे, ताक मिळून १९० रुपये. पोट भरलं आणि डबे दुपारपर्यंत उघडले गेले नाहीत. फराळ टिकवण्याची याहून स्वस्त युक्ती नाही. वाटाणे मात्र दहा तासांच्या भिजवणीनंतरही कुकरच्या आठ शिट्ट्या मागत होते, बारा तास धरा. दुपारी वरणभात आणि भाजी, ११० रुपये.

रात्री दोन लिटर दुधाला विरजण.

मंगळवार, २१ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन)

लाह्या, बत्तासे, धणे-गूळ. जेवायला पुरी, बटाट्याची भाजी, तांदळाची खीर. २४० रुपये. रवा लाडवांचे शेवटचे चार आज संपवले. संध्याकाळी दही पंचात बांधून नळाला टांगलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर (पाडवा): चक्का आंबला

बारा तास बाहेर टांगलेलं दही या उकाड्यात आंबट होणारच होतं. चक्का ७२० ग्रॅम निघाला, दाट आणि सुरेख, पण जिभेला झोंबणारा. श्रीखंडाला ५५० ग्रॅम साखर धरली होती, ६५० घालावी लागली. साखर संपली, अर्धा किलो २३ रुपयांची आणली. चाळणीत पंचा घालून, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्ये निथळवायचा, एवढाच उपाय. जायफळ थोडं जास्त घातल्याने आंबटपणा लपला. दिवसाचा खर्च त्या साखरेसकट ३५३.

गुरुवार, २३ ऑक्टोबर (भाऊबीज): बारा माणसं

गुरुवार आल्याने मटणाचा विषय निघाला नाही, बजेटवर तेवढी कृपा. तोंडलीचा मसालेभात, मटकीची उसळ, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर, शेवयांची खीर आणि फराळ. ५६० रुपये, माणशी ४७ च्या आत.

अंदाज चुकला तो भाताचा. ९०० ग्रॅम तांदूळ घेतला, एक तृतीयांश उरला. पुऱ्या असतील तर बारा जणांना ६५० ग्रॅम पुरे. १ किलो कणकेच्या अडुसष्ट पुऱ्या झाल्या, सत्तावन्न संपल्या. मटकी अर्धा किलो कोरडी, मोड आल्यावर किलोच्या वर, ती बरोबर पुरली.

रविवार, २६ ऑक्टोबर: हिशोब आणि उरलेलं

फराळ: सामान १,७८५, दळण २५, दूध-मिरच्या-कढीपत्ता ६०, गॅस २.४ किलोचे १४४. एकूण २,०१४ रुपये. तयार फराळ ७.९ किलो, किलोला २५५. गॅस इतका कमी येईल असं वाटलं नव्हतं. जवळच्या दुकानात नुसती चकलीच ४८० रुपये किलो होती. पण हाताखालचे तास मोजले तर एकवीस झाले, त्यातले साडेपाच निव्वळ चुका निस्तरण्यात. ते तास कुणाचे जातात, हे घरात आधीच वाटून घ्या.

जेवणं: चार दिवसांचे १,४५३ आणि संध्याकाळच्या साध्या जेवणांचे १६०, मिळून १,६१३. घरातलं तिखट, मीठ, हिंग, रोजचे तांदूळ-डाळ यात धरलेले नाहीत, ते अडीचशेच्या आसपास. सगळं मिळून ३,९०० च्या घरात.

उरलं ते असं. १४ तारखेच्या मऊ चकल्या तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवल्यावर बऱ्यापैकी कडक झाल्या, चुरून मिसळीवर गेल्या. शेवेचा तळ काल शेवभाजीत. मसालेभात शुक्रवारी सकाळीच संपला. डब्यात आज शंकरपाळे आणि अर्धा डबा चिवडा आहे, आकसलेल्या पोह्यांचा भाग सगळ्यात वर.